करार झाला, पण प्रवेश कुठे अडतो?

दोन देशांचे शिक्षणमंत्री हस्तांदोलन करतात, सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो छापून येतो. दोन वर्षांनी त्या करारामुळे किती विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला असं विचारलं, तर संबंधित कार्यालयाकडे बरेचदा आकडाच नसतो. हेतू वाईट होता असं म्हणायचं नाही. पण 'दोन्ही बाजू सहकार्य वाढवण्यास उत्सुक आहेत' या वाक्यावर कोणाला प्रवेश मिळत नाही. त्यासाठी पदवीला मान्यता मिळावी लागते, क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाचं काम मोजण्याच्या एककाचा, हिशोब जुळावा लागतो, फी कोणी भरायची ते ठरावं लागतं आणि व्हिसाच्या तारखा गाठाव्या लागतात. हा लेख त्या कंटाळवाण्या कामाबद्दल आहे.

आधी प्रमाण लक्षात घेऊ. युनेस्कोच्या अलीकडच्या मोजणीनुसार जगात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे २६ कोटी ४० लाख आहेत. त्यांपैकी दुसऱ्या देशात जाऊन शिकणारे सुमारे ६९ लाख, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. त्यातही बहुतेकजण स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने जातात. शिष्यवृत्त्या दुप्पट केल्या तरी शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना त्याचा थेट उपयोग नाही. शिष्यवृत्त्या बंद कराव्यात असं मी म्हणत नाही, पण 'उच्च शिक्षणाची दारं उघडणं' या कामाचं मोजमाप शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर करणं चूक आहे. मान्यता आणि क्रेडिट ही यंत्रणा नीट चालली तर तिचा फायदा न निवडलेल्या, यादीत नाव नसलेल्या विद्यार्थ्यालाही होतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

पदवीची मान्यता

परदेशी पदवी तपासण्याची जुनी पद्धत म्हणजे समकक्षता. दोन्हीकडच्या विषयांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या, तास मोजायचे आणि एखादा पेपर कमी दिसला की अर्ज परत पाठवायचा. १९९७ मध्ये युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून लिस्बनमध्ये केलेल्या करारानं ही पद्धत उलटवली. हा करार १९९९ मध्ये अमलात आला आणि आज पन्नासहून जास्त देश त्यात आहेत. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडासारखे युरोपबाहेरचेही. त्यानुसार विचारायचा प्रश्न एवढाच: दोन पदव्यांमध्ये ठोस फरक आहे का? नसेल तर मान्यता द्यायची. फरक आहे असं म्हणायचं असेल तर तो दाखवून देण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची. अर्जदारानं फक्त खरी आणि पुरेशी माहिती द्यायची. निर्णय वाजवी मुदतीत द्यावा लागतो, नकाराचं कारण कळवावं लागतं आणि अपील करता येतं.

फरक ठोस आहे की नाही हे ठरवताना पाच गोष्टी पाहतात: पदवीचा स्तर, अभ्यासाचं प्रमाण, संस्थेची आणि अभ्यासक्रमाची गुणवत्ता, अभ्यासक्रमाचं स्वरूप आणि शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय येतं. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत कमी पाहिली जाते. उदाहरणार्थ, तीन वर्षांची पदवी घेऊन आलेला विद्यार्थी एमएस्सीसाठी अर्ज करतो आणि त्या देशात पदवी चार वर्षांची आहे. केवळ वर्षं कमी म्हणून नकार देणं हे या विचारात बसत नाही. पण एमएस्सी संशोधनावर आधारलेली आहे आणि विद्यार्थ्यानं आधी एकही प्रकल्प किंवा प्रबंध केलेला नाही, तर तो फरक खरोखर ठोस आहे. तिथेही सरळ नकार हा शेवटचा पर्याय. त्याआधी अंशतः मान्यता देऊन काही पूरक क्रेडिट करायला सांगता येतात. म्हणजे मान्यता कशासाठी हवी, यावर उत्तर बदलतं. त्याच पदवीला एका अभ्यासक्रमासाठी हो आणि दुसऱ्यासाठी नाही असं उत्तर मिळालं, तर त्यात विसंगती नाही.

हे सगळं कागदावर छान आहे. प्रत्यक्षात अनेक प्रवेश कार्यालयांत अजूनही वर्षंच मोजली जातात, कारण वर्षं मोजायला विषयाचं ज्ञान लागत नाही. पदवी तपासणारा माणूस आणि अभ्यासक्रम शिकवणारा विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याचं मूळ. चांगल्या संस्था यावर साधा उपाय करतात. एकदा घेतलेला निर्णय कारणासकट नोंदवून ठेवतात आणि त्याच देशातल्या, त्याच प्रकारच्या पदवीसाठी पुढच्या वेळी तो वापरतात. पहिल्या अर्जाला महिना लागला तरी दहाव्याला दिवस लागतो.

आणखी एक गोंधळ कायम होतो तो अपॉस्टिलचा. १९६१च्या हेग करारानुसार लागणारा हा शिक्का कागदावरची सही आणि अधिकाऱ्याचं पद खरं आहे एवढंच सांगतो. पदवी देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, अभ्यासक्रम कोणत्या स्तराचा आहे, याबद्दल तो काहीही सांगत नाही. शिक्का मारून आणला म्हणजे पदवी मान्य झाली असं समजून लोक पुढची पायरीच विसरतात. उलट काही कार्यालयं संस्थेकडून थेट ऑनलाइन पडताळणी झालेली असतानाही शिक्क्याचा आग्रह धरतात. दोन्हीकडे वेळ विद्यार्थ्याचा जातो.

तपासणाऱ्याचं काम सोपं करणारं एक साधन आहे: डिप्लोमा सप्लिमेंट. पदवी प्रमाणपत्रासोबत द्यायचा हा आठ भागांचा कागद. विद्यार्थ्याची ओळख, पदवीचं नाव आणि मुख्य विषय, तिचा स्तर, अभ्यासक्रम आणि निकाल, या पदवीवर पुढे काय करता येतं, इतर माहिती, प्रमाणन आणि आठव्या भागात त्या देशाच्या उच्च शिक्षण व्यवस्थेचं वर्णन. युरोपातल्या मंत्र्यांनी २००३ मध्ये बर्लिनला ठरवलं की २००५ पासून प्रत्येक पदवीधराला तो आपोआप आणि मोफत मिळावा. बऱ्याच ठिकाणी दोन भाग बिघडलेले दिसतात. चौथ्या भागात निकालाची नुसती गुणसंख्या असते, पण वर्गात किती जणांना तेवढे गुण मिळाले ते नसतं. आणि आठवा भाग जुना असतो. देशानं पदवीची रचना बदलून पाच वर्षं झाली तरी वर्णन आधीचंच. ज्या संस्था असा कागद देत नाहीत त्यांच्या विद्यार्थ्यानं निदान विभागाकडून सही-शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाचं वर्णन, तासांचा तपशील आणि गुणांची वाटणी घेऊन ठेवावी. पदवी मिळाल्यावर दहा वर्षांनी जुना अभ्यासक्रम शोधणं हे भलतंच अवघड काम आहे.

लिस्बनचा करार मुख्यतः युरोपचा. इतर भागांचे वेगळे करार आहेत: आशिया-प्रशांत विभागासाठी २०११चा टोकियो, आफ्रिकेसाठी २०१४चा अदिस अबाबा, लॅटिन अमेरिकेसाठी २०१९चा ब्युनॉस आयर्स. पण घानाची पदवी घेऊन कोरियात जाणाऱ्याला यातला एकही लागू पडत नव्हता. ती फट बुजवण्यासाठी युनेस्कोनं २५ नोव्हेंबर २०१९ रोजी जागतिक मान्यता करार स्वीकारला. आवश्यक ती वीस देशांची मंजुरी मिळाल्यावर तो ५ मार्च २०२३ पासून अमलात आला. दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणातून मिळालेल्या पदव्यांचाही योग्य विचार व्हावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण तो फक्त मंजुरी देणाऱ्या देशांनाच बांधतो. त्यामुळे आपला देश आणि जायचा देश, दोन्ही यादीत आहेत का ते आधी पाहायचं. एकच देश यादीत असेल तर या कराराचा आधार मिळत नाही.

काही देशांनी याच्या पुढची पायरी गाठली. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी २०१५ मध्ये एकमेकांच्या पदव्यांचा स्तर आपोआप मान्य केला. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया यांनी २०१८ मध्ये तेच केलं, आणि २०२१ मध्ये या सहा देशांनी मिळून एकच करार केला. आपोआप म्हणजे अर्ज नाही, फी नाही, वाट पाहणं नाही. मात्र यात मान्य होतो तो स्तर. पदवीधर हा पदवीधर ठरतो. अमुक विषयाच्या एमएला प्रवेश द्यायचा की नाही हे विद्यापीठच ठरवतं.

आणि हे सगळं झालं शैक्षणिक मान्यतेचं. डॉक्टर, वकील, परिचारिका, अभियंता म्हणून काम करायचं तर व्यावसायिक परवाना लागतो, आणि तो वेगळी संस्था वेगळ्या कायद्यानं देते. अभियंत्यांसाठी १९८९चा वॉशिंग्टन अकॉर्ड आहे. तो अभ्यासक्रमांना दिलेली मान्यता परस्पर स्वीकारतो, पण नोंदणी तिथेही वेगळीच करावी लागते. क्युबानं १९९९ मध्ये हवानात लॅटिन अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. शंभरहून जास्त देशांतल्या, मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांना तिथे मोफत वैद्यकीय शिक्षण मिळालं. सहकार्यातून दार उघडण्याचं एवढं मोठं उदाहरण क्वचित सापडेल. पण परत गेल्यावर त्यांना आपापल्या देशातल्या परवाना परीक्षांना सामोरं जावं लागलं आणि काही ठिकाणी वैद्यकीय संघटनांचा विरोधही झाला. विद्यार्थी पाठवणाऱ्या देशाची परवाना संस्था करारात सहभागी नसेल, तर सहा वर्षांच्या मेहनतीनंतर नवी अडचण उभी राहते.

क्रेडिटचा हिशोब

एक सत्र दुसऱ्या देशात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ते सत्र पुन्हा करावं लागलं, तर त्याला परदेशी जाण्याची किंमत दुप्पट पडते. पैसेवाला ते सोसतो, बाकीचे जातच नाहीत. म्हणून क्रेडिट हस्तांतर हा गरीब विद्यार्थ्याचा प्रश्न आहे, जरी तो परीक्षा विभागाच्या फायलींत दडलेला असला तरी.

युरोपात विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या देशांत जाऊन शिकावं यासाठीची इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थ्यांनी सुरू झाली. दोन वर्षांत लक्षात आलं की समान माप हवं, आणि १९८९ मध्ये ईसीटीएस ही क्रेडिट पद्धत प्रयोग म्हणून आली. एका पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, एका सत्राचे ३०. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम, आणि या कामात तास, प्रयोगशाळा, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं धरायचं. ब्रिटनमध्ये पूर्ण वर्ष म्हणजे १२० क्रेडिट, अमेरिकेत साधारण ३०, भारताच्या नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ४०.

रूपांतर करताना नेहमीची चूक म्हणजे वर्गातल्या तासांची तुलना. एके ठिकाणी आठवड्याला चार तास व्याख्यान आणि थोडा गृहपाठ, दुसरीकडे दोन तास व्याख्यान आणि ढीगभर वाचन. तास मोजले तर दुसरा अभ्यासक्रम अर्धा दिसतो. बरोबर रीत म्हणजे पूर्ण वर्ष हे एकक धरायचं. वर्षाचे ६० आणि वर्षाचे ३० असतील तर एकाचे दोन. अमेरिकेतले १५ क्रेडिट म्हणजे ईसीटीएसचे ३०; ते १५च धरले तर विद्यार्थ्याचं अर्धं सत्र कागदावरून नाहीसं होतं. असं घडतं, आणि घडल्यावर दुरुस्त करायला परीक्षा मंडळाची बैठक लागते.

गुणांचं रूपांतर याहून नाजूक. जर्मनीत वापरलं जाणारं सूत्र असं: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी, ४ काठावर उत्तीर्ण. आता १०० पैकी ७० गुण, उत्तीर्णता ४० ला. सूत्रानं येतात २.५, म्हणजे मध्यम. पण त्या विद्यापीठात ८० च्या वर कोणालाच गुण मिळत नसतील, आणि सर्वोच्च म्हणून ८० धरले, तर तेच ७० गुण १.७५ होतात. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका तीच. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव येणं किंवा न येणं या एका आकड्यावर ठरतं. म्हणून ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेत गेल्या काही वर्षांतल्या निकालांची वाटणी देण्यावर भर आहे: किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली. ती वाटणी सोबत असेल तर सूत्राची गरजच उरत नाही, वर्गातलं स्थान दिसतं. कडक गुण देणाऱ्या विद्यापीठांनी तरी ती गुणपत्रकावर छापायला हवी. फार थोडी छापतात.

जाण्यापूर्वी लर्निंग अॅग्रीमेंट करायचं. विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. त्यात दोन तक्ते असतात: तिथे कोणते विषय घेणार, आणि इथले कोणते विषय त्यामुळे माफ होणार. दुसरा तक्ता रिकामा ठेवून किंवा 'परत आल्यावर ठरवू' म्हणून सही करणारे प्राध्यापक असतात. अशा कागदाला अर्थ नाही. मी तर म्हणेन, विषयाला विषय जुळवण्याचा हट्टही सोडावा. तिकडच्या ३० क्रेडिटच्या बदल्यात इकडचं एक पूर्ण सत्र, मुख्य गाभ्याचे एक-दोन विषय सोडले तर बाकी लवचिक, असं लिहिलं की निम्मे वाद उद्भवतच नाहीत. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द होतो, वेळापत्रकात दोन विषय एकमेकांवर येतात, शिकवण्याची भाषा बदललेली असते. असे बदल सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत दोन्हीकडून ईमेलवर मंजूर करून घ्यायचे. डिसेंबरात मंजुरी मागितली तर मिळेलच असं नाही.

पैसा कोणाच्या खिशातून

विद्यार्थी विनिमयाचं नेहमीचं गणित असं: विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतो, यजमान विद्यापीठ फी घेत नाही. दोन्हीकडून सारखे विद्यार्थी गेले तर कोणाचंच नुकसान नाही. पण सारखे जात नाहीत. एका बाजूनं आठ जातात, दुसरीकडून तीन येतात, आणि तिसऱ्या वर्षी श्रीमंत विद्यापीठ जागा कमी करतं. करारात आधीच लिहिलं तर यातून मार्ग निघतो. समतोल एका वर्षाचा न धरता तीन ते पाच वर्षांचा धरायचा, डोकी न मोजता सत्रं मोजायची, उन्हाळी अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांनाही ठरलेल्या प्रमाणात धरायचं. दुसरा मार्ग अनेक विद्यापीठांच्या सामायिक जागांचा. १९७९ पासून चालत आलेली आयसेप ही योजना या तत्त्वावर उभी आहे: विद्यार्थी आपल्या विद्यापीठात पैसे भरतो आणि साखळीतल्या कुठल्याही विद्यापीठातली जागा घेतो. जोडीजोडीनं समतोल साधावा लागत नाही.

फी माफ झाली म्हणजे काम झालं असं समजू नये. निघायच्या आधीचे खर्च हाच खरा अडथळा असतो: अर्जाची फी, भाषेची परीक्षा, कागदपत्रांचं भाषांतर, पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट, खोलीची अनामत. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बहुधा तिथे पोहोचून बँक खातं उघडल्यावर मिळतो. हे सगळे पैसे त्याआधी कोणीतरी घालायचे असतात. जिथे घरातून ते येऊ शकत नाहीत तिथे निवड झालेला विद्यार्थी माघार घेतो, आणि नोंद होते 'वैयक्तिक कारण'. तिकीट थेट काढून देणं, व्हिसा आणि विम्याचे पैसे निवडीबरोबरच देणं, या दोन बदलांना फारसा जास्त पैसा लागत नाही. लागते ती लेखा विभागाची तयारी. इरॅस्मसच्या सध्याच्या नियमांत कमी संधी मिळालेल्या विद्यार्थ्यांना महिन्याला २५० युरो जादा मिळतात. ज्यांना दीर्घकाळ घर सोडणं शक्य नाही त्यांच्यासाठी ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन असा पर्यायही आहे. नोकरी करणारे, मुलं असलेले, आजारी पालकांची काळजी घेणारे विद्यार्थी जाऊ शकतात ते यामुळे.

व्हिसाचं वेळापत्रक उलट्या दिशेनं आखावं. सत्र सुरू होण्याच्या तारखेपासून मागे येत व्हिसाची भेट, त्याआधी निधीचा पुरावा, त्याआधी शिष्यवृत्तीचं पत्र, त्याआधी प्रवेशपत्र. शिष्यवृत्तीच्या पत्रावर रक्कम, कालावधी आणि विमा समाविष्ट आहे का, हे तीनही स्पष्ट हवं. जर्मनीत निधीचा पुरावा म्हणून २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. पुरेशा रकमेच्या शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर ते खातं लागत नाही. पण पत्रात रक्कमच लिहिलेली नसेल तर अधिकारी ते खातंच मागणार.

जाता जाता एक हिशोबाची गोष्ट. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांत शिकवण्याचा खर्च काही श्रीमंत देश विकास मदतीत धरतात. नियमांनुसार ते चालतं. जर्मनी आणि फ्रान्स यांचे यातले आकडे मोठे आहेत. पैसा मात्र त्यांच्याच देशात खर्च होतो. एखाद्या देशानं उच्च शिक्षणासाठी दिलेली मदत पाहताना हा भाग वेगळा काढून पाहावा.

विद्यापीठच वाटून घेणं

लहान देशांनी फार वेगळा मार्ग काढला, आणि मला तो सर्वांत रोचक वाटतो. १९४८ मध्ये जमैकातल्या मोना इथे ३३ वैद्यकीय विद्यार्थ्यांना घेऊन वेस्ट इंडिजचं महाविद्यालय सुरू झालं. सुरुवातीला पदवी लंडन विद्यापीठाची, १९६२ पासून स्वतःची. आज बार्बाडोस, त्रिनिदाद, अँटिग्वा इथेही परिसर आहेत आणि ज्या बेटांवर परिसर नाही तिथे दूरशिक्षणाची केंद्रं. साउथ पॅसिफिक विद्यापीठ १९६८ चं. फिजी, टोंगा, समोआ, तुवालू, किरिबाती, व्हानुआतू अशा १२ देश-प्रदेशांच्या मालकीचं, मुख्य परिसर फिजीत सुवा इथे. हजारो किलोमीटर समुद्रात विखुरलेली ही बेटं. सत्तरच्या दशकापासून तिथे उपग्रहावरून शिकवणी चालते. तुवालूची लोकसंख्या दहा-बारा हजार. तुवालूनं एकट्यानं विद्यापीठ चालवणं अशक्य, पण एका विद्यापीठाची एक सहमालक होणं शक्य आहे.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, यजमान देशाला शिक्षक, कर्मचारी, बाजारपेठ असा जास्त फायदा मिळतो आणि बाकीचे देश नाराज होतात. दोन, सर्वांत मोठा वर्गणीदार रुसला की तिजोरी रिकामी होते. फिजी सरकारनं विद्यापीठाच्या कारभारावरून झालेल्या वादात २०१९ पासून आपलं अनुदान रोखून धरलं. २०२२ च्या अखेरीस सरकार बदलल्यावर ते पुन्हा सुरू झालं. म्हणून अशा संस्थेच्या घटनेत वर्गणीचं सूत्र, थकबाकीचे परिणाम आणि कुलगुरू नेमण्याचा अधिकार, हे तिन्ही सुरुवातीलाच घट्ट बांधून घ्यावे लागतात.

राष्ट्रकुलातल्या लहान देशांनी २००० मध्ये हॅलिफॅक्सच्या बैठकीत याहून हलकी रचना सुचवली. नवं विद्यापीठ उभारायचं नाही. अभ्यासक्रम मिळून लिहायचे, खुल्या परवान्यानं वाटून घ्यायचे आणि पदवी ज्यानं त्यानं आपापल्या संस्थेतून द्यायची. कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगच्या आधारानं हे काम चाललं, आणि पात्रता जुळवण्यासाठी २०१० मध्ये सामायिक आराखडाही आला. अशा योजनेत अभ्यासक्रम लिहून होतो, पण शिकवणारा कोण आणि परीक्षा कोण घेणार हे ठरत नाही, म्हणून साहित्य पडून राहतं. मोफत साहित्य हा खर्चाचा लहान भाग. मार्गदर्शक शिक्षक आणि परीक्षा हा मोठा. भारताची २०१९ मध्ये सुरू झालेली ई-विद्याभारती योजना आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम शिष्यवृत्तीवर देते. तिथेही विद्यार्थ्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: ऑनलाइन पदवी आपल्या देशातल्या सरकारी नोकरीला चालते का?

जागा राखून ठेवण्याचाही एक मार्ग आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या (एसएडीसी) १९९७ च्या शिक्षण करारात प्रत्येक देशानं किमान ५ टक्के जागा समुदायातल्या इतर देशांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात आणि दहा वर्षांत त्यांच्याकडून स्थानिकांइतकीच फी घ्यावी असं आहे. अंमलबजावणी फार असमान झाली. कराराच्या मजकुरात दंड नाही आणि फीतला फरक भरून देणारं कोणी नाही.

कागदच नसलेले

निर्वासित विद्यार्थ्याकडे गुणपत्रक नसतं, विद्यापीठ बंद पडलेलं असतं किंवा त्याच्याकडे विचारणा करणंच धोक्याचं असतं. लिस्बन करारातलं सातवं कलम सांगतं की अशांच्या पात्रतेचं मूल्यांकन कागद नसतानाही करायची पद्धत देशांनी तयार ठेवावी. नॉर्वेनं ती आधी बसवली, आणि त्या आधारावर युरोप परिषदेनं २०१७ मध्ये ग्रीसमध्ये निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्टचा प्रयोग सुरू केला. अर्जदार सविस्तर प्रश्नावली भरतो, हाताशी असतील ते कागद देतो आणि दोन मूल्यांकनतज्ज्ञ त्याची मुलाखत घेतात. कुठले विषय, कुठली पुस्तकं, परीक्षा कशी असे, प्रयोगशाळेत काय केलं. त्या देशाची व्यवस्था माहीत असलेल्या तज्ज्ञाला खरं-खोटं लवकर कळतं. मिळणारा कागद पाच वर्षं चालतो. ती औपचारिक मान्यता नव्हे. प्रवेश द्यायचा निर्णय विद्यापीठाचाच, पण त्याच्या हाती विश्वास ठेवण्याजोगं काहीतरी येतं. युनेस्कोनंही अशीच योजना इतर खंडांसाठी आणली.

निर्वासितांपैकी उच्च शिक्षण घेणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ३ टक्के होतं, २०२३ मध्ये ७ टक्क्यांवर गेलं. उद्दिष्ट २०३० पर्यंत १५ टक्क्यांचं. १९९२ पासून चालणारी जर्मनीची डाफी शिष्यवृत्ती इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. ती विद्यार्थ्याला दूर नेत नाही, तो ज्या देशात आश्रयाला आहे तिथल्याच विद्यापीठात शिकवते. तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त मुलं शिकतात.

गेलेले परत येतात का

पीएचडीसाठी पाच वर्षं बाहेर राहिलेला माणूस तिथेच रमतो, यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. परत येण्याचं बंधपत्र लिहून घेतलं तर पैसेवाले दंड भरून मोकळे होतात. त्यापेक्षा सँडविच पद्धत बरी: नोंदणी आणि पदवी मायदेशी, प्रयोगशाळेचे काही महिने परदेशी. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्तला सुरू केलेल्या भौतिकशास्त्र केंद्रानं ही वाट रुळवली; तिथला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेबरोबरचा कार्यक्रम विद्यार्थ्याला तीन वर्षं दरवर्षी काही महिने बोलावतो. ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीतही पीएचडीचे जास्तीत जास्त १२ महिने तिकडे घालवायचा पर्याय आहे. अडतं कुठे? मायदेशी परतल्यावर उपकरण नसतं, रसायनं सीमाशुल्कात अडकतात, जर्नल उघडत नाहीत. जर्नलसाठी २००२ पासूनची रिसर्चफॉरलाइफ ही योजना गरीब देशांना मोफत किंवा स्वस्तात प्रवेश देते, पण तो संस्थेच्या नोंदणीवर मिळतो. नोंदणी कोणी केलीच नसेल, किंवा पासवर्ड एकट्या ग्रंथपालाकडे असेल, तर योजना असून नसल्यासारखी.

करार हातात आला की

नवा करार वाचताना मी प्रस्तावना सोडून देतो आणि परिशिष्टं उघडतो. परिशिष्टच नसेल तर पुढे वाचण्यासारखं बहुधा काही नसतं. असेल तर पाहायचं: दरवर्षी किती जागा, कोणत्या स्तरावर, कोणत्या विषयात. फी, वसतिगृह, विमा, तिकीट यांच्यासमोर कोणाचं नाव. क्रेडिटचं रूपांतर कोणत्या गुणोत्तरानं. दोन्हीकडे जबाबदार पद कोणतं. व्यक्तीचं नाव लिहून भागत नाही, बदली झाली की पत्रव्यवहार बंद. संयुक्त पदवी असेल तर दोन विद्यापीठांची नावं एका प्रमाणपत्रावर छापायला दोन्ही देशांचा कायदा परवानगी देतो का. अनेकदा देत नाही, आणि मग दोन वेगळी प्रमाणपत्रं द्यावी लागतात. हे अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी कळलं पाहिजे, दीक्षान्त समारंभाच्या महिन्यात नाही.

आणि एक कलम हमखास राहून जातं: करार मध्येच संपला तर शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचं काय. सरकारं बदलतात, संबंध बिघडतात, निधी आटतो. ज्यांनी प्रवेश घेतला आहे त्यांना मूळ अटींवरच, त्याच फीत अभ्यासक्रम पूर्ण करू दिला जाईल आणि गुणपत्रकं देणं चालू राहील, असं दोन ओळींत लिहिता येतं. शेवटच्या तारखेनंतर किती वर्षं ते बंधन राहील, तो आकडाही त्यातच घालायचा.